हाती एक्का, तरीही संयम

पत्ते म्हटले की आपल्या घरांत दोनच चित्रे उभी राहतात : सुट्टीतील मेंढीकोट किंवा पैशांचा जुगार. ब्रिज या दोहोंपलीकडचा खेळ आहे. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबमधील रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला, तेव्हा त्यातील दैवाची तुलना ब्रिजमधील पानवाटपाशी केली होती. दैव पाने वाटून बाजूला होते. पुढचे काम बुद्धीचे.

नवख्याला वाटते, मोठी पाने म्हणजे विजय. मुरलेला खेळाडू मात्र मोठे पान केव्हा खेळू नये, हे जाणतो. समजा, आपण हुकमाविना तीनची बोली केली आहे. म्हणजे तेरांपैकी नऊ हात करावयाचे, फार तर चार गमवावयाचे. डावीकडील प्रतिस्पर्धी इस्पिकच्या पाच पानांतून राजाची उतारी करतो. राणी, गुलाम, दश्शी त्याच्याचकडे. आपल्याजवळ एक्का व दोन लहान पाने, उघड्या डमीत दोन लहान, उरलेली तीन उजवीकडे. एक्का लगेच खेळला, तर पुढे उजवीकडे एक हात देणे भाग पडताच तो इस्पिक परत खेळतो आणि डावीकडचा चार हात ओढतो. पाच हात गेले, बोली बुडाली! त्याऐवजी पहिले दोन हात सोडून तिसऱ्यास एक्का खेळल्यास उजवीकडची इस्पिके संपतात, दोघांमधला दुवा तुटतो आणि तीनच हात जातात. मात्र द्यावयाचा हात उजवीकडेच जाईल, अशी आखणी हवी.

एक्क्यासोबत गुलामही असेल, तर राजावर लहान पान टाकून स्वस्थ राहावे. राजा-राणी बाळगणाऱ्याने तोच रंग पुढे चालविला, की एक्का व गुलाम दोन्ही हात मिळवितात. व्हिस्टच्या काळापासूनची ही युक्ती इंग्लंडमधील बाथ शहराच्या नावाने ओळखली जाते.

मौनही बोलके असते. आरंभी पास म्हणणाऱ्याने एक एक्का व दोन राजे दाखविले, तर हरवलेली राणी बहुधा त्याच्या जोडीदाराकडे. ती त्याच्याकडे असती, तर त्याने बोली उघडली असती.

बालरोगतज्ज्ञाला ही विचारपद्धती परकी नाही. तान्हे मूल दुखणे सांगत नाही. त्याने दूध ओढले नाही, ते आईकडे पाहून हसले नाही, हाच पुरावा. साध्या विषाणूजन्य तापात प्रतिजैविक हाताशी असूनही ते न देता बाळावर बारीक लक्ष ठेवणे, हे एक्का राखण्यासारखेच आहे. परंतु तीन महिन्यांखालील बाळाच्या तापात थांबून पाहण्यास जागा नाही. तेथे तत्काळ तपासणी हवी. संयम म्हणजे दिरंगाई नव्हे. राखलेला एक्का योग्य क्षणी खेळावाच लागतो.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन (६०) व शिबनाथ सरकार (५६) यांनी पुरुष दुहेरीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पन्नाशी-साठीच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी. चार खुर्च्या, बावन्न पाने आणि एक विश्वासू भिडू, एवढ्यावर ही साधना आजही सुरू करता येते.