पारख, निवड आणि भरती : परभणी जिल्ह्यातील शालेय खेळाडूंच्या महाविद्यालयप्रवेशाची संज्ञामीमांसा

१

शाळेच्या मैदानावर चमकलेला विद्यार्थी एखाद्या महाविद्यालयाच्या संघात दाखल होतो, तेव्हा या घटनेचा उल्लेख मराठीत पारख, निवड आणि भरती अशा तीन शब्दांनी केला जातो. क्रीडाशिक्षकांच्या बोलण्यात, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर हे शब्द बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. वस्तुतः ते पर्याय नव्हेत. त्यांच्यामागे तीन भिन्न क्रिया आहेत, त्या करणारे निरनिराळे आहेत आणि प्रत्येकीची कसोटीही वेगळी आहे. परभणी जिल्ह्यातील व्यवस्थेच्या आधारे हा भेद स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न केवळ शब्दांच्या काटेकोरपणाचा असता, तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु जिंतूर किंवा पालम तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रवेशावर वसतिगृहातील जागा, पुढील शिक्षण आणि कित्येकदा नोकरीही अवलंबून असते. तो वगळला गेला, तर नेमका कोणत्या पायरीवर आणि कोणत्या कारणाने वगळला गेला, हे त्याला कळावयास हवे. तिन्ही पायऱ्यांना एकच नाव दिले की हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘पारख’ हा शब्द संस्कृत ‘परीक्षा’ आणि प्राकृत ‘परिक्खा’ या मार्गाने मराठीत आला. नाणे पारखावे, रत्न पारखावे, बैल पारखावा, असे त्याचे रूढ प्रयोग आहेत. पारख एका वेळी एकाच वस्तूची होते. तिचे माप पारखणाऱ्याच्या अनुभवात असते आणि तिच्यासाठी दुसरी वस्तू शेजारी असावी लागत नाही.

‘निवडणे’ ही क्रिया मूळची सुपातली. धान्य निवडावयाचे म्हणजे राशीतून खडे, माती आणि किडके दाणे बाजूला काढावयाचे. येथे रास आधी हवी. निवड सदैव तुलनात्मक असते, आणि जे राशीत आलेच नाही त्याची निवड होऊ शकत नाही. म्हणून निवडीची चर्चा करताना निवडणाऱ्याच्या डोळ्याइतकाच राशीचाही विचार करावा लागतो.

‘भरती’ हा शब्द ‘भरणे’ या धातूपासून झाला. समुद्राला भरती येते आणि सैन्यात भरती होते. दुसऱ्या अर्थी त्यात रिकाम्या जागेची कल्पना गृहीत आहे. भरती जागेच्या गरजेतून होते. येणाऱ्याच्या गुणाचा विचार त्या गरजेच्या मर्यादेतच होतो. इंग्रजी ‘रिक्रूट’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र पुन्हा वाढणे, नवी वाढ होणे, असा आहे. हाच इंग्रजी शब्द छावण्यांतून देशी भाषांत ‘रंगरूट’ होऊन रुळला.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये या तिन्ही क्रिया एका साखळीत बांधलेल्या दिसतात. विद्यापीठाचे प्रशिक्षक शालेय सामने स्वतः पाहतात, खेळाडूशी व पालकांशी बोलणी करतात आणि शिष्यवृत्ती देऊ करतात. १९६४ पासून २०२४ पर्यंत तेथे या व्यवहारासाठी राष्ट्रीय स्वरूपाचे एक संमतिपत्रही प्रचारात होते. पारखणारा, निवडणारा आणि जागा भरणारा तेथे बहुधा एकाच संस्थेचा असतो. परभणीत तसे नाही.

३

परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके आहेत. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे होणाऱ्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य या पायऱ्यांनी वर चढत जातात. त्यापुढची राष्ट्रीय पातळी भारतीय शालेय क्रीडा महासंघाची असून त्याची स्थापना १९५४ साली झाली.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ‘महाविद्यालय’ हा शब्द महाराष्ट्रात दोन संस्थांना लागू आहे. दहावीनंतर विद्यार्थी ‘कनिष्ठ महाविद्यालयात’ जातो, पण क्रीडाव्यवस्थेच्या दृष्टीने अकरावी-बारावीचा विद्यार्थी शालेय खेळाडूच राहतो. १९ वर्षांखालील गट मुख्यतः त्याच्यासाठीच आहे. विद्यापीठाचा खेळाडू तो बारावीनंतर होतो. त्यामुळे शाळेतून महाविद्यालयात जाण्याचा उंबरठा एक नसून दोन आहेत, आणि चांगल्या खेळाडूंची खरी ओढाताण पहिल्या उंबरठ्यावरच होते. तालुक्याच्या गावातील किंवा परभणी शहरातील कनिष्ठ महाविद्यालय आसपासच्या शाळांतील दहावी झालेल्या खेळाडूंना आपल्याकडे घेते. नियमाच्या भाषेत हा साधा अकरावीचा प्रवेश असतो. मैदानाच्या भाषेत ती संघाची भरती असते.

दुसऱ्या उंबरठ्यावर भूगोलही बदलतो. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो. पदवी महाविद्यालये मात्र १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. शिवाय परभणी शहरातच १९७२ साली स्थापन झालेले, आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि त्याचा संघ निराळा असतो. एकाच शाळेतून एकत्र खेळलेले दोन मित्र त्यामुळे पुढे दोन विद्यापीठांच्या संघांत परस्परांविरुद्ध उभे राहू शकतात. शालेय पातळीवर त्यांना ओळखणारे शिक्षक व अधिकारी यांपैकी कोणीही विद्यापीठाच्या निवडसमितीत असतोच असे नाही. पारखणारा मागे राहतो. पुढे जातो तो कागद.

४

हा कागद म्हणजे प्रमाणपत्र. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण स्पर्धेच्या पातळीनुसार वाढतात व त्यांची कमाल मर्यादा २५ आहे. शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असून तेथेही प्रमाणपत्राची पातळी निर्णायक ठरते व त्याची स्वतंत्र पडताळणी होते. महाविद्यालयाने खेळाडू घेताना प्रथम प्रमाणपत्र पाहावे, हे या परिस्थितीत स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

परंतु प्रमाणपत्र काय मोजते? धावण्याच्या शर्यतीत ते धावणाऱ्याला मोजते. घड्याळाला शाळेचे नाव कळत नाही. परभणीच्या ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, तो निर्णय अंतराने आणि वेळेने दिला होता. सांघिक खेळाची गोष्ट वेगळी आहे. शालेय स्पर्धेत सामान्यतः शाळेचा संघ जिंकून वरच्या पातळीवर जातो. कबड्डीत मैदानावर सात, खो-खोत नऊ आणि फुटबॉलमध्ये अकरा खेळाडू लागतात. एखाद्या लहान शाळेत उत्तम चढाई करणारा एकच मुलगा असेल आणि उरलेले सहा जण केवळ संख्या पुरी करण्यासाठी उभे असतील, तर संघ तालुक्याच्या पातळीवरच बाद होतो. त्या मुलाच्या हाती राहते ते तालुक्याचे प्रमाणपत्र. उलट, बलवान संघात राखीव बसलेल्या मुलाला राज्यपातळीचे प्रमाणपत्र मिळू शकते. फुटबॉलमध्ये १९६० साली सुरू झालेल्या सुब्रतो चषकासारख्या आंतरशालेय स्पर्धेलाही हेच तत्त्व लागू आहे. अकरा खेळाडू आणि मोठे मैदान यांची तरतूद ज्या शाळेला झेपत नाही, तिचा विद्यार्थी त्या राशीत येतच नाही.

कनिष्ठ महाविद्यालये दहावीनंतर खेळाडू का गोळा करतात, याचा उलगडा यातूनच होतो. पाच शाळांतील पाच चांगले खेळाडू विखुरलेले असताना पाचांचीही प्रमाणपत्रे तालुक्याची असतात. तेच एका संघात आले की पाचांनाही विभागाची किंवा राज्याची वाट मोकळी होते. अशा भरतीत खेळाडूंचे हित आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र तिची सुरुवात कशातून झाली हा प्रश्न उरतो. शिक्षकाने सामना पाहून नाव सुचविले असेल, तर तेथे पारख झाली. केवळ प्रमाणपत्रांची चळत लावून वरची नावे घेतली असतील, तर झाली ती आधीच निवडलेल्यांची पुन्हा निवड. दुर्बळ संघातील बलवान खेळाडू दुसऱ्या पद्धतीत कधीही सापडणार नाही.

राशीत येण्याच्या आड इतरही कारणे येतात. स्पर्धा पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आसपास वरच्या पातळ्यांवर पोचतात. कापसाची वेचणी आणि सोयाबीनची काढणी साधारण याच काळात येते. ऊसतोडीसाठी कुटुंबाबरोबर गेलेला विद्यार्थी त्यापुढचे काही महिने शाळेतच नसतो. मुलींच्या बाबतीत सायंकाळचा सराव आणि गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. यांचा मेळ बसत नाही. वसतिगृहाची सोय झाली तरच दहावीनंतर त्यांचा खेळ टिकतो. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातील मुलींच्या अंगच्या गुणांविषयी शंका घेण्याचे कारण यानंतर उरू नये. शंका घ्यावी ती राशीच्या पूर्णतेविषयी.

५

पारख, निवड आणि भरती या तीन क्रिया वेगळ्या राहूनही परस्परपूरक ठरू शकतात, याचे उदाहरण परभणीच्याच जुन्या राज्यात सापडते. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या अमलाखाली होते आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीतील हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळाशिक्षक होते. १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारा आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला भारतीय संघ त्यांनीच घडविला. या व्यवस्थेत पारख शिक्षकाच्या डोळ्याची होती, निवड संघाची होती आणि भरती अक्षरशः पोलिसदलाची होती. खेळाडूला नोकरी मिळाली ती खेळ प्रत्यक्ष पाहिला गेल्यानंतर.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात पारखेला मोजमापाचे रूप देण्याचा प्रयत्न क्रीडा प्रबोधिनीच्या योजनेत झाला. उंची, वजन, ३० मीटर व ८०० मीटर धावणे, उभी उडी, जड चेंडूची फेक, लवचिकता अशा चाचण्यांवरून लहान वयातील मुलामुलींना हेरून निवासी प्रशिक्षण देण्याची ही कल्पना आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. या पद्धतीचा गुण असा की, तीत संघाची किंवा प्रमाणपत्राची अट आड येत नाही. मूल एकटे येऊन चाचणी देऊ शकते. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. चाचणी शरीर मोजते. खो-खोतील हुलकावणी किंवा चेंडू येण्यापूर्वी मोकळी जागा हेरणारी नजर तिच्या मापात बसत नाही. तेथे अनुभवी डोळाच लागतो.

२०१४ साली सुरू झालेल्या व्यावसायिक कबड्डी लीगने या शब्दसमूहात ‘लिलाव’ या चौथ्या शब्दाची भर घातली. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द पूर्वी मालमत्तेला लागत असे. आता तो खेळाडूला लागतो. त्याचा एक गुण मान्य करावा लागेल : लिलावात घेणारा कोण आणि किंमत किती, हे सर्वांसमक्ष उच्चारले जाते.

६

महाविद्यालयीन निवडीत नेमके हेच घडत नाही, आणि त्याची खूण भाषेतच उमटलेली आहे. ‘निवड झाली’, ‘नंबर लागला’, ‘खेळावर प्रवेश मिळाला’, ‘खेळावर नोकरी लागली’ हे या क्षेत्रातील नित्याचे प्रयोग होत. या सर्व वाक्यांत निर्णय घेणारा कर्ता नाही. ‘होणे’, ‘लागणे’, ‘मिळणे’ ही क्रियापदे घटना सांगतात, करणारा सांगत नाहीत. पाऊस लागावा किंवा फळ लागावे, तसा नंबर लागतो. नकाराच्या वाक्यात याचा परिणाम अधिक जाणवतो. ‘त्याचा नंबर लागला नाही’ असे म्हटले की कोणी नाकारले, कोणत्या कसोटीवर नाकारले आणि खेळ पाहून नाकारले की कागद पाहून, हे तिन्ही प्रश्न व्याकरणानेच मिटविलेले असतात. विद्यार्थी ते दैव म्हणून स्वीकारतो आणि पुष्कळदा खेळच सोडून देतो.

भाषेमुळे व्यवस्था निर्माण झाली, असा दावा येथे अभिप्रेत नाही. परंतु ज्या व्यवस्थेत पारखणारा, निवडणारा आणि जागा भरणारा हे तिघे वेगवेगळ्या कार्यालयांत बसतात, तिला कर्त्यावाचूनची वाक्ये सोयीची ठरतात, एवढे निश्चित म्हणता येते.

७

वरील विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. महाविद्यालयांनी आपल्या सूचनांत तिन्ही संज्ञा वेगळ्या ठेवाव्यात : खेळ कोणी व कोठे पाहिला, किती जणांतून निवड केली आणि कोणत्या किती जागा भरावयाच्या होत्या. तालुक्याच्या पातळीवरच बाद झालेल्या संघांतील एक-दोन खेळाडूंची नावे त्या सामन्यांच्या पंचांनी व शिक्षकांनी लेखी सुचवावीत, म्हणजे दुर्बळ संघातील बलवान खेळाडू राशीत तरी येईल. निवड न झालेल्यास त्याचे कारण कर्त्यासहित वाक्यात कळवावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवे मैदान लागत नाही किंवा मोठा खर्चही येत नाही.

सुपातले धान्य निवडण्याचे कौशल्य कितीही सूक्ष्म असले, तरी शेतातच राहून गेलेल्या कणसाचा त्याला उपयोग नाही. परभणी जिल्ह्यात आज अधिक निकड आहे ती निवडीपूर्वीच्या पारखेची. आणि ती करण्यास सर्वांत जवळ असलेला माणूस तालुक्याच्या मैदानाकडेला शिट्टी घेऊन उभा असलेला शाळेचा क्रीडाशिक्षक हाच होय.