मणक्याची शस्त्रक्रिया : रक्तदाब सांभाळा, नसा वाचवा

‘मणक्याचे ऑपरेशन केले की पाय लुळे पडतात,’ ही भीती घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात अशी गुंतागुंत आज क्वचितच होते. ती टाळण्यात रक्तदाबाचा मोठा वाटा असतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

मान आणि पाठीच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो. त्याला पुढून एक आणि मागून दोन बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. हातापायांच्या हालचाली सांभाळणारा बराचसा भाग पुढच्या एकाच वाहिनीवर अवलंबून असतो. भुलेमुळे किंवा रक्तस्रावामुळे रक्तदाब उतरला, तर आधीच दबलेल्या मज्जारज्जूला रक्त कमी पडते आणि नसांना इजा होऊ शकते.

म्हणूनच भूलतज्ज्ञ सरासरी रक्तदाबावर लक्ष ठेवतात. वरच्या आणि खालच्या आकड्यांतील फरकाचा एक तृतीयांश भाग खालच्या आकड्यात मिळवला की तो मिळतो. १२०/८० असेल तर सरासरी साधारण ९३, तर ९०/६० असेल तर ७० येते. अपघातात मज्जारज्जूला मार लागला असेल, तर २०२४च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ही सरासरी ३ ते ७ दिवस किमान ७५-८० आणि कमाल ९०-९५ या मर्यादेत ठेवतात. त्यासाठी रक्तदाब वाढवणारे औषध सुरू असेल, तर नातेवाइकांनी घाबरू नये.

१९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्येच जागे करून पाय हलवायला सांगत. आता गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांत नसांचे विद्युत संकेत यंत्रावर सतत पाहता येतात. संकेत क्षीण झाले की शल्यचिकित्सक थांबतात, मणक्यावरचा ताण सैल करतात आणि भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात.

शस्त्रक्रियेनंतर मात्र रक्तदाब फार वाढणेही घातक. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मणक्याच्या पोकळीत रक्त साचून गाठ झाली, तर नसा दाबल्या जातात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

हे लक्षात ठेवा :

• आपला नेहमीचा रक्तदाब आणि सर्व औषधे डॉक्टरांना सांगा. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांना इतरांना पुरेसा असलेला दाबही कमी पडू शकतो.

• रक्तदाबाची काही गोळी शस्त्रक्रियेआधी थांबवतात, काही अजिबात थांबवायची नसते. कोणती, ते भूलतज्ज्ञांना विचारा. मनाने ठरवू नका.

• शस्त्रक्रियेनंतर वेदना अचानक वाढल्या, हात-पाय कमजोर वाटले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर लगेच परिचारिकेला सांगा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. अशा वेळी तातडीने एमआरआय आणि गरज पडल्यास काही तासांत पुन्हा शस्त्रक्रिया केली, तर पाय वाचू शकतात.