आधी खालची खुर्ची

जॉन शायर २०१३ साली ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाकडे परत आला, तेव्हा त्याच्या पदाचे नाव होते ‘विशेष साहाय्यक’. तीनच वर्षांपूर्वी तो याच संघाचा कर्णधार होता. २०१०च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात बटलर विद्यापीठाला ६१-५९ असे हरवून त्याच्या संघाने विजेतेपद मिळवले होते, आणि चार वर्षांत दोन हजारांहून अधिक गुण त्याच्या नावावर लागले होते. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या एकाही संघाने त्याला निवडले नाही, त्याच उन्हाळ्यात डोळ्याला जबर इजा झाली, आणि मग इस्राएल व स्पेनमधल्या क्लबांकडून खेळून पंचविशीत तो नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला परतला. अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडेचे नियम एनसीएए ही संस्था ठरवते. त्या वेळच्या नियमानुसार मुख्य प्रशिक्षकाखेरीज फक्त तीन साहाय्यकांना मैदानावर शिकवण्याची मुभा होती. म्हणजे जिथे प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच मैदानावर एखाद्या पोराला ‘कोपर वर घे’ एवढे सांगण्याचाही अधिकार त्याच्या पदाला नव्हता. वर्षभराने तो साहाय्यक प्रशिक्षक झाला, २०१८ मध्ये सहयोगी मुख्य प्रशिक्षक, आणि २०२२ मध्ये माइक शशेव्स्की निवृत्त झाल्यावर मुख्य प्रशिक्षक. बातम्या झाल्या त्या शेवटच्या पायरीच्या. माझ्या मते खरी गोष्ट आहे ती आधीच्या नऊ वर्षांची.

माजी खेळाडू परत आला की विद्यापीठाला, माजी विद्यार्थ्यांना, देणगीदारांना आणि प्रेक्षकांना मनापासून आनंद होतो. आपला माणूस आपल्या घरी आला, आता सगळे ठीक होईल, अशी ती भावना असते. ती समजण्यासारखी आहे. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत सुमारे ३६० कॉलेज संघ खेळतात, आणि त्यांतल्या मोजक्या संघांभोवती अख्ख्या गावाचे आयुष्य फिरते. ड्यूकचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० सालचे, त्यात जेमतेम ९,३१४ माणसे मावतात, आणि तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत चॅपल हिल येथे कट्टर प्रतिस्पर्धी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ. जवळच्याच केरी, मॉरिसव्हिल परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही फेब्रुवारी-मार्चमध्ये निळ्या रंगाच्याच या दोन संघांपैकी एकाची बाजू घेतल्याशिवाय राहू शकत नाहीत. अशा ठिकाणी जुन्या नायकाला परत बोलावण्याचा मोह होणारच. पण परत येणाऱ्याचे मोल त्याच्या आठवणींत किंवा निष्ठेत शोधणे चूक आहे. ते असते त्याने कॉलेजच्या खेळात, शक्य तर आपल्याच कॉलेजात, खालच्या खुर्चीवर बसून काढलेल्या वर्षांत.

या खालच्या खुर्चीवर नेमके काय काम असते, ते पाहायला हवे. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे मागचे सामने व्हिडिओवर लावायचे, एकेक चाल कापून वेगळी काढायची, कोणता खेळाडू उजवीकडेच घुसतो, कोणाला डावीकडे ढकलले की तो गडबडतो, शेवटच्या दोन मिनिटांत त्यांचा प्रशिक्षक चेंडू कोणाच्या हाती देतो, हे टिपून घ्यायचे. साहाय्यक प्रशिक्षक प्रतिस्पर्धी वाटून घेतात; ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याचा पूर्ण अभ्यास त्याने मांडायचा. मग राखीव पोरांना त्या संघाच्या चाली शिकवून सरावात आपल्या मुख्य पाच जणांसमोर उभे करायचे. बाहेर शाळाशाळांतून आणि उन्हाळी स्पर्धांतून सोळा-सतरा वर्षांची मुले हेरायची, त्यांच्या आईवडिलांशी दोन-दोन वर्षे संबंध राखायचा. आलेला मुलगा वर्गात बसतो की नाही, परीक्षेत तग धरतो की नाही, घरच्या आठवणीने कोमेजला तर नाही ना, हेही बघायचे. खेळाडू असताना यातले जवळपास काहीच दिसत नाही. खेळाडूला तयार चाल मिळते. ती सुचते कशी, निवडली का जाते आणि आदल्या आठवड्यात कितीजणांनी त्यासाठी रात्री जागवलेल्या असतात, हे त्याला कळते ते या बाजूला आल्यावर. आपल्याकडे मैफलीत गुरूच्या मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य गाणे जसे आतून ऐकतो, तसे हे शिक्षण आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण रॉय विल्यम्स यांचे. ते नॉर्थ कॅरोलिनाच्या प्रथम वर्षाच्या संघातून खेळले, मुख्य संघात कधीच पोचले नाहीत. पण तिथले मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा सराव बघायला जाऊन टिपणे काढत आणि सामन्यांची आकडेवारी नोंदवत. १९७८ मध्ये एका हायस्कूलच्या मुख्य प्रशिक्षकाची स्थिर नोकरी सोडून ते स्मिथ यांच्याकडे अर्धवेळ साहाय्यक झाले, तेव्हा त्यांचे वर्षाचे वेतन होते २,७०० डॉलर. घर चालवण्यासाठी ते संघाची कॅलेंडरे विकत, आणि रविवारी पहाटे गाडीत स्मिथ यांच्या दूरदर्शन कार्यक्रमाच्या टेपा घालून राज्यभरातल्या केंद्रांवर पोचवायला शेकडो मैल जात. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, कॅन्सस विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले. २००३ मध्ये ते चॅपल हिलला परतले आणि २००५, २००९ व २०१७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्यांनी मिळवून दिली. संघाचा तारा ते कधीच नव्हते. त्यांच्याजवळ होता तो स्मिथ यांच्या कामाचा आतून घेतलेला दहा वर्षांचा अनुभव.

ह्यूबर्ट डेव्हिस यांचा मार्ग वेगळा, पण वळण तेच. तेही स्मिथ यांचेच खेळाडू. एनबीएत बारा हंगाम खेळले, मग वाहिनीवर समालोचन केले. २०१२ मध्ये विल्यम्स यांनी बोलावल्यावर ते साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि विद्यापीठाच्या कनिष्ठ संघालाही त्यांनी शिकवले. ज्या मुलांची नावे वर्तमानपत्रात कधी छापून येणार नाहीत, अशा मुलांचा तो संघ. २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पहिल्याच हंगामात त्यांनी उपांत्य सामन्यात ड्यूकला ८१-७७ असे हरवले. शशेव्स्कींच्या कारकिर्दीतला तो शेवटचा सामना, आणि एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत हे दोन शेजारी पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. अंतिम सामना मात्र कॅन्ससने ७२-६९ असा जिंकला. पुढच्या हंगामाला नॉर्थ कॅरोलिनाने अग्रमानांकित म्हणून सुरुवात केली आणि त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नाही. तेव्हा उमेदवारी केली म्हणजे यश हमखास, असे मला म्हणायचे नाही. संकट आले की खालून वर आलेल्या माणसाला कोणता खिळा ढिला झाला आहे ते शोधता येते, एवढेच म्हणायचे आहे. त्यानंतरच्या हंगामात डेव्हिस यांच्या संघाने आपल्या परिषदेत, म्हणजे नेहमी आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, साखळीत पहिला क्रमांक मिळवला.

आता उलट बाजू. क्लाइड ड्रेक्सलर हे ह्यूस्टन विद्यापीठाचे दैवत. एनबीएतून निवृत्त होताच १९९८ मध्ये ते थेट मुख्य प्रशिक्षक झाले. दोन हंगामांत १९ विजय आणि ३९ पराभव पदरी पडल्यावर त्यांनी पद सोडले. ख्रिस मलिन यांनी १९८५ मध्ये सेंट जॉन्सला अंतिम चौघांत नेले होते. प्रशिक्षणाचा अनुभव नसताना २०१५ मध्ये ते त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि चार वर्षांत ५९ विजय, ७३ पराभव अशी नोंद मागे ठेवून गेले. या दोघांच्या खेळाविषयी कुणाला शंका नव्हती, निष्ठेविषयी तर नव्हतीच. पण प्रशिक्षकाच्या कामाची तालीम त्यांना थेट मुख्य पदावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर करावी लागली.

इथे एक सबळ आक्षेप येतो. पॅट्रिक यूइंग यांनी जॉर्जटाउनला १९८४चे विजेतेपद मिळवून दिले होते, आणि २०१७ मध्ये तिथे परतण्यापूर्वी एनबीएत सुमारे पंधरा वर्षे साहाय्यक म्हणून काम केले होते. मग खालच्या खुर्चीचा त्यांना उपयोग का झाला नाही? २०२१-२२च्या हंगामात त्यांचा संघ परिषदेतले सगळेच्या सगळे १९ सामने हरला, आणि २०२३ मध्ये ७५ विजय व १०९ पराभवांनंतर त्यांना दूर करण्यात आले. माझे उत्तर असे की, खुर्ची खालची असणे पुरेसे नाही. ती त्याच कामाची असावी लागते. एनबीएचा साहाय्यक प्रौढ, पगारी, वर्षाला ८२ सामने खेळणाऱ्या व्यावसायिकांना सांभाळतो. कुणाच्या आईला फोन करून मुलगा आमच्याकडे पाठवा म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. ज्युवान हॉवर्ड यांचे उदाहरण मात्र माझ्या म्हणण्यात सरळ बसत नाही, हे मान्य करतो. तेही एनबीएतले साहाय्यकपद सोडून २०१९ मध्ये मिशिगनला परतले, आणि दुसऱ्याच हंगामात त्यांचा संघ परिषदेत अव्वल ठरला. पण त्यांच्या शेजारी फिल मार्टेली होते, सेंट जोसेफ्सच्या संघाचे अनेक वर्षे मुख्य प्रशिक्षक राहिलेले. कॉलेजच्या कामातले कमी पडणारे ज्ञान हॉवर्डनी शेजारच्या खुर्चीवर आणून बसवले होते. ते शहाणपण काही काळ पुरले; २०२३-२४ मध्ये ८ विजय आणि २४ पराभव झाल्यावर त्यांनाही जावे लागले.

मॅट डोहर्टी यांची कथा या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखी आहे. ते नॉर्थ कॅरोलिनाच्या १९८२च्या विजेत्या संघातले खेळाडू. कॅन्ससमध्ये विल्यम्स यांचे साहाय्यक राहिले, एक वर्ष नोटर डेमचे मुख्य प्रशिक्षक होते, आणि २००० मध्ये चॅपल हिलला आले. येताना त्यांनी आपला साहाय्यकवर्ग बरोबर आणला, आणि वर्षानुवर्षे तिथे असलेल्या साहाय्यकांना जावे लागले. पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षी ८ विजय आणि २० पराभव, आणि २००३ मध्ये राजीनामा. माणूस घरचाच होता, कामही शिकलेला होता. पण त्या घरात रोज काय चालते ते ठाऊक असणारे लोकच बाहेर गेले होते. कागदावर उतरवता न येणारे जे ज्ञान संघात मुरलेले असते, ते खालच्या खुर्च्यांवर बसलेले असते. त्या रिकाम्या केल्या की तेही जाते.

कोणी म्हणेल, मार्क पोप कुठे केंटकीचे साहाय्यक होते? १९९६च्या विजेत्या संघाचा हा कर्णधार २०२४ मध्ये थेट मुख्य प्रशिक्षक म्हणून परतला आणि पहिल्याच वर्षी संघ अंतिम सोळांत गेला. खरे आहे. पण वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून पोप यांनी जॉर्जियात संघाच्या दैनंदिन व्यवस्थेतल्या खालच्या पदापासून सुरुवात केली होती. नंतर साहाय्यक, मग युटा व्हॅली आणि ब्रिगहॅम यंग या संघांचे मुख्य प्रशिक्षक. पेनी हार्डवे मेम्फिस विद्यापीठात येण्यापूर्वी त्याच शहरातल्या ईस्ट हायस्कूलच्या मुलांना शिकवत होते. ज्या घरांतून खेळाडू आणायचे ती घरे त्यांच्या ओळखीची होती. दोघेही पायऱ्या चढले, फक्त दुसऱ्या जिन्याने.

याहून गंभीर आक्षेप आहे तो बंद दाराचा. आपल्याच माणसांतून निवड करत राहिले की तेच विचार फिरून येतात आणि बाहेरच्या लायक माणसाला वाव मिळत नाही. ड्यूकमध्ये शशेव्स्कींच्या शेवटच्या काळात साहाय्यकांची फळी माजी ड्यूक खेळाडूंचीच होती. आणि महत्त्वाची गोष्ट ही की, शशेव्स्की स्वतः बाहेरचे: लष्करी अकादमीत बॉब नाइट यांच्या हाताखाली खेळलेले, १९८० मध्ये ड्यूकला आलेले, पाच विजेतेपदे देणारे. डीन स्मिथही बाहेरचेच, कॅन्ससच्या १९५२च्या विजेत्या संघातले. त्यांचे गुरू फॉग अ‍ॅलन हे बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली कॅन्ससला खेळलेले. ‘फक्त आपले’ असा नियम असता तर ना ड्यूकला शशेव्स्की मिळते, ना नॉर्थ कॅरोलिनाला स्मिथ. हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो, आणि म्हणूनच शायरने मुख्य प्रशिक्षक झाल्यावर काय केले ते मला महत्त्वाचे वाटते. त्याने केंटकीहून जाय लूकस यांना साहाय्यक म्हणून आणले, जे ड्यूककडून कधीच खेळले नव्हते. आणि नाइकी व एनबीएत काम केलेल्या रेचल बेकर यांना संघाच्या महाव्यवस्थापक नेमले. ज्याच्या निष्ठेवर कुणी बोट ठेवू शकत नाही, त्यालाच हे दार उघडता येते. बाहेरून आलेल्या नव्या प्रशिक्षकाने तेच केले असते तर परंपरा मोडली म्हणून ओरड झाली असती. निकालही समोर आहेत: पहिल्या तीन हंगामांत २७, २७ आणि ३५ विजय, आणि २०२५ मध्ये अंतिम चौघांत स्थान. तिथे ह्यूस्टनने ७०-६७ असे हरवले, तेही ड्यूकची आघाडी शेवटच्या मिनिटांत निसटून. त्या पराभवाची टीका शायरला सोसावी लागली, आणि ती रास्त होती.

शेवटचा प्रश्न काळाचा आहे. २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येते, आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. २०२५च्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. एका विद्यापीठासाठी सर्व खेळ मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. चार वर्षांत तीन कॉलेजे केलेला खेळाडू परत यायचा म्हटले तर कोणत्या कॉलेजात येणार? शायरसारखे चार वर्षे एका जागी राहिलेले खेळाडू कमी होत जाणार, हे उघड आहे. पण यामुळे खालच्या खुर्चीची किंमत वाढतेच. दरवर्षी निम्मा संघ नवा असेल, तर इथे काम कसे चालते ते ठाऊक असणारे खेळाडूंत कमी उरतील. ते साहाय्यकांतच असावे लागतील. एनसीएएने २०२३ मध्ये मैदानावर शिकवू शकणाऱ्या आणखी दोघांना परवानगी दिली, फक्त बाहेर जाऊन खेळाडू हेरण्याची मुभा तेव्हा त्यांना दिली नाही. म्हणजे २०१३ मध्ये ज्या जागेवर शायरला गप्प बसावे लागत होते, तिथला तरुण आज तोंड उघडू शकतो. आता या जागांना पोट भरेल इतके वेतन हवे. परदेशात खेळून चार पैसे गाठीला असलेल्या किंवा घरची परिस्थिती बरी असलेल्या माजी खेळाडूलाच तुटपुंज्या पगारावर दोन-चार वर्षे काढता येतात; गरीब घरातून शिष्यवृत्तीवर आलेला, राखीव बाकावर बसून सगळे टिपणारा मुलगा पदवी घेऊन दुसरी नोकरी धरतो. अशांनीही परत यावे असे विद्यापीठांना वाटत असेल, तर खेळाडूंसाठी काढलेल्या कोट्यवधींच्या शेजारी या दोन-तीन पगारांची तरतूद त्यांनी आत्ताच करायला हवी.