शिपायाचे पदक

नागपूरहून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हानकाठच्या कामठी छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आहे. याच रेजिमेंटच्या १४व्या बटालियनमधील अल्बर्ट एक्का यांना १९७१च्या युद्धातील पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. डिसेंबरच्या सुरुवातीला, आगरतळ्याजवळच्या गंगासागरच्या लढाईत, जखमी अवस्थेत त्यांनी शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांचा हुद्दा होता लान्स नाईक, म्हणजे शिपायाच्या वर एकच पायरी.

कनिष्ठ सैनिकाचा असा गौरव आज स्वाभाविक वाटतो. पूर्वी तो तसा नव्हता. कंपनी सरकारने देशी सैनिकांसाठी १८३७ साली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ सुरू केली. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ साली निघाला, पण हिंदी सैनिकांना तो खुला व्हायला १९११ साल उजाडले. त्यानंतरही, हा सर्वोच्च सन्मान सोडला तर, पदके हुद्द्याप्रमाणे वाटलेली होती: मिलिटरी क्रॉस अधिकाऱ्याच्या छातीवर, मिलिटरी मेडल शिपायाच्या. पराक्रम एकच, धातू वेगळा.

२६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या परमवीर, महावीर आणि वीर चक्रांनी ही उतरंड मोडली. आजवरच्या २१ परमवीरांपैकी ९ जण कमिशन्ड अधिकारी नव्हते.

तरीही एक अडचण उरते. पदकासाठी सैनिकाला स्वतः अर्ज करता येत नाही. वरिष्ठाने पाहावे, साक्षी जमवाव्यात, शिफारस लिहावी. मग ती पायरीपायरीने वर जाते. म्हणजे शौर्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार जिवंत राहावा लागतो.

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सैनिकांना गोळीबारातून सुखरूप आणले. मग एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर चढून, मराठ्यांची रणगर्जना करीत, मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. हे सारे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण ज्या चौकीवर कोणीच उरले नाही, तिथल्या शिपायाची शिफारस कोण लिहिणार? पदक हुद्दा विचारत नाही, हे आपण साधले. साक्षीदाराची अट मात्र कोणत्याही घटनेला काढता येणार नाही. म्हणून पदकांची यादी वाचताना तिच्या खालची कोरी जागाही वाचावी.