सीताबर्डीसाठी अरब शिपाई

टेबलावर सीताबर्डीची लढाई (२६-२७ नोव्हेंबर १८१७) मांडायची, तर नागपूरकर भोसल्यांचे अरब शिपाई हवेतच. २७ला सकाळी धाकटी टेकडी त्यांनीच ईस्ट इंडिया कंपनीकडून घेतली होती! तयार संच शोधत बसण्यापेक्षा दुसऱ्या युद्धांतले प्लॅस्टिकचे शिपाई बदलून घ्या.

आधी मापं बघा. १/७२ म्हणजे साडेपाच फुटी माणूस साधारण २३ मिमी. '२८ मिमी'वाले बहुधा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, शिवाय डोकी-हात मुद्दाम जाडजूड. शेजारी ठेवले की बाप-लेक वाटतात. एका तुकडीत मिसळू नकाच. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तर दोन्हींपुढे राक्षस.

१/७२चं मऊ प्लॅस्टिक फेविक्विकला दाद देत नाही. डोकं बदलताना मानेत टाचणीचा तुकडा खुपसा, मगच चिकटवा. टोपी तासून एम-सीलची बारीक वळी गुंडाळा. ओल्या सुईनं घड्या पाडल्या की फेटा तयार. वळी जाड झाली तर भोपळा दिसतो. तोड्याच्या बंदुकीची नळी लांब हवी, तिथे तार जोडा. रंगाआधी साबणाच्या पाण्यानं धुणं आणि प्रायमर, दोन्ही हवंच. नाहीतर संगीन वाकली की रंगाचे पोपडे.

कंपनीच्या मद्रासी पलटणी कशातून बनवताय? फोटो टाका.