गाडीवेड्या मुलाचा अभ्यास

मुलाला गाड्यांचं वेड आहे म्हणून बेरजांच्या कागदावर ट्रकचं चित्र छापलं की झाला समवाय, असा समज बराच दिसतो. समवाय (एका धाग्यात अनेक विषय गुंफून शिकवणे) १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेतही होता. तिथे धागा हस्तोद्योगाचा होता. छापलेलं चित्र म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. समवाय फोडणीसारखा, पदार्थात उतरणारा. एसटीच घ्या. पाटीवरचं गाव वाचणं ही भाषा, ‘एमएच १२’ म्हणजे पुणे हा भूगोल, दोन फुल एक हाफ हे गणित. उतरत्या फळीवरून खेळगाडी सोडा, मग फळी थोडी उचला. गाडी लांब का गेली, हे मूलच विचारतं. सगळंच गाडीला जुंपू नये. कविता कवितेसारखीच शिकवावी. उद्या स्टँडवर पाटी मात्र त्याला वाचू द्या.