धार्मिक वादातील दृष्टांत : साम्याची मर्यादा

साहित्याच्या अभ्यासकाला दृष्टांत भेटतो तो बहुधा अलंकारशास्त्राच्या वाटेने. त्यामुळे धर्मग्रंथांतील दृष्टांतही विषय सुबोध करण्याचे साधन म्हणूनच वाचले जातात. वस्तुतः भारतीय वादपरंपरेत दृष्टांताचा अधिकार याहून मोठा आहे. ज्या अर्थाविषयी सामान्य लोक आणि परीक्षक यांचे एकमत असते तो दृष्टांत, असे न्यायसूत्रांत म्हटले आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पाच अवयवांच्या अनुमानात उदाहरण हे प्रमाणाचेच अंग आहे, शोभेचे नव्हे.

ईश्वरसिद्धीचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. घट हे कार्य असून कुंभार त्याचा कर्ता आहे. जगही कार्य आहे. म्हणून जगालाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे, असा नैयायिकांचा युक्तिवाद. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त त्याला प्रौढ रूप मिळाले. मात्र त्यापूर्वीच बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त या विचारसरणीवर मार्मिक आक्षेप घेतला होता. घट मातीचा विकार आहे म्हणून त्याला कुंभार लागतो असे म्हटले, तर वारूळही मातीचाच विकार. तेही कुंभारानेच घडविले असे मानावे लागेल. दोन वस्तूंना एकच शब्द लागू पडला, एवढ्याने त्यांचे कारण एकजातीय ठरत नाही.

रामानुजाचार्यांचा आक्षेप अधिकच विचारप्रवर्तक आहे. कारण तो एका ईश्वरनिष्ठ आचार्याचा आहे. ‘श्रीभाष्या’तील त्यांच्या विवेचनाचा आशय असा : कर्ता म्हणून जो जो दिसतो तो सशरीर आणि मर्यादित सामर्थ्याचा असतो, मोठी कार्ये तर अनेकांच्या हातून घडतात. मग या साम्यावरून एक, अशरीर, सर्वज्ञ ईश्वर कसा सिद्ध व्हावा? येथे पणाला लागले आहे ते ईश्वराचे अस्तित्व नव्हे, तर त्याचे स्वरूप आणि श्रुतीचे प्रामाण्य. दृष्टांत शेवटपर्यंत ताणला तर ईश्वर हा केवळ मोठा कुंभार उरतो. म्हणून ब्रह्माविषयी शास्त्र हेच प्रमाण, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

साम्य कोठवर घ्यावे, या प्रश्नाचे एक उत्तर मराठीतील महानुभाव वाङ्मयात आढळते. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत असून त्यांची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध आहे. सूत्र चक्रधरांचे, दार्ष्टांतिकात कथेतील कोणता अंश सिद्धांताला लावावयाचा हे केसोबास सांगतात. हत्ती आणि आंधळे यांची कथा पाहावी. पाली ‘उदाना’त ती एकांगी मतांवरून भांडणाऱ्यांचा उपहास करते, जैन परंपरेत ती अनेकान्तवादाच्या समर्थनास येते, तर ‘दृष्टांतपाठा’त हत्ती समग्र पाहणाऱ्या डोळसाचे, म्हणजेच परमेश्वराला यथार्थ जाणणाऱ्या ज्ञान्याचे, श्रेष्ठत्व ठसविते. कथा एकच, दार्ष्टांतिके तीन.

तेव्हा निरनिराळ्या भाषांतील धार्मिक वाङ्मयाची तुलना करताना समान दृष्टांतांची यादी करणे पुरेसे नाही. त्या यादीवरून प्रभाव किंवा मतैक्य सिद्ध करू पाहणारा अभ्यासक वारुळासाठी कुंभार शोधण्याचीच चूक करतो. प्रत्येक संप्रदायाने साम्याचा कोणता अंश स्वीकारला आणि कोणता नाकारला, हे पाहिल्यावरच खरी तुलना सुरू होते.